एफसीला इंजिन कोणतं?

जुनी पिकअप शेडमध्ये आली की मालक पहिल्यांदा विचारतो, "मिस्त्री, इंजिन कोणतं टाकायचं?" मी उलट विचारतो, "भाऊ, गाडीनं काय करायचंय? संत्रा भरून नागपूरला न्यायचा, की पोळ्याला गावातून फिरवायची?" त्या उत्तरावर निम्मी निवड होते.

सध्या सौंसरला माझ्याकडे महिंद्राची एफसी-१५० उभी आहे. मूळ नमुना विलीजचा, अमेरिकेत १९५६ च्या अखेरीस आलेला. हिला बॉनेट नाही. इंजिन केबिनमध्येच, दोन सीटांच्या मधोमध, पत्र्याच्या पेटीखाली. मे महिन्यात पांढुर्ण्यापर्यंत चालवा, डावी मांडी भाजून निघते. त्यामुळे हिच्या बाबतीत ताकदीआधी इंजिनाची उंची, उष्णता आणि आवाज बघावा लागतो.

मूळचं हरिकेन पेट्रोलचं: चार सिलिंडर, २१९९ सीसी, ७५ हॉर्सपॉवर. त्याचे इनटेक व्हॉल्व्ह हेडमध्ये आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह ब्लॉकमध्ये असतात, म्हणून नुसतं हेड बघून निकाल देता येत नाही. एक्झॉस्टच्या सीटभोवती ब्लॉक घासून लख्ख करायचा, रॉकेल फिरवायचं, थोडं थांबून कोरडं पुसायचं आणि वर खडूची भुकटी मारायची. चीर असेल तर आत मुरलेलं रॉकेल बाहेर येतं आणि पांढऱ्यावर केसासारखी ओली रेघ उमटते. ही रेघ शोधताना मी कुणाशी बोलत नाही.

बहुतेकांना बोलेरोचं २५२३ सीसीचं डीआय डिझेल हवं असतं. सामान कुठंही मिळतं, डिझेलचा खर्चही कमी. सिल्लेवानी घाटात माल भरून चढायचं असेल तर त्याची खालच्या फेऱ्यांतली ओढ मलाही आवडते. पण हरिकेन ४००० फेऱ्यांचं, डीआय ३२०० चं. मागे ५.३८ चा क्राउन-पिनियन तसाच ठेवला तर वरचा वेग पाचवा हिस्सा घटतो. डिझेलचे धक्के जुन्या तीन गिअरच्या बॉक्सला सोसत नाहीत. डीआयचाच बॉक्स घ्यावा तर तो लांब. ८१ इंचांच्या व्हीलबेसमध्ये मागचा प्रोपेलर शाफ्ट आखूड होतो, जॉइंट तिरके चालतात आणि लवकर जातात. पुढचे पाटेही बदलावे लागतात. म्हणून मी चाकापासून मागे मोजत येतो आणि इंजिनापाशी शेवटी पोचतो.

कागदाचंही बघा. इंजिन बदलायला आरटीओची मंजुरी लागते. २०२१ च्या नियमांत व्हिंटेज म्हणून नोंद व्हायला गाडी पन्नास वर्षांवर जुनी आणि मूळ रूपात असावी लागते, आणि तशी गाडी रोजच्या किंवा धंद्याच्या कामाला चालवता येत नाही.

या एफसीच्या ब्लॉकवर रेघ उमटली नाही. लायनर टाकून हरिकेनच बसवतोय. मालकाला ती पोळ्यालाच फिरवायची आहे. तुमच्या वाड्यात अशी गाडी पडली असेल तर एवढं करा: ब्लॉक तपासल्याशिवाय मूळ इंजिन भंगारात देऊ नका.