आधी मृत्यू, मग दान

नागझिरा अभयारण्याच्या एका प्रवेशद्वाराशी असलेल्या चोरखमाऱ्यात घरी माणूस गेला, तर ते सांगायला सहसा जाणता म्हातारा पुरतो. नाकाशी बोट धरायचं, मनगट चाचपायचं, छातीला कान लावायचा. श्वास आणि काळीज थांबलं की वाद उरत नाही.

1994च्या अवयव प्रत्यारोपण कायद्याने मरणाचं दुसरंही लक्षण मान्य केलं : मेंदूचं खोड बंद पडणं. इथलाच एखादा पोरगा तिरोड्याच्या रस्त्यावर दुचाकीवरून पडला आणि नागपूरच्या अतिदक्षता विभागात पोचला, तर ते लक्षण त्याच्या बापापुढे उभं राहतं. व्हेंटिलेटरवर छाती हलते आहे, अंग ऊन आहे. चार डॉक्टर निदान सहा तासांच्या अंतराने दोनदा तपासतात : उजेडात बाहुली हलते का, यंत्र काढल्यावर स्वतःचा श्वास येतो का. प्रत्यारोपण करणारा डॉक्टर त्या चौघांत चालत नाही. या कायद्यातली सर्वांत शहाणी अट हीच.

तरी बापाच्या मनात ‘कोमातून लोक उठतात की!’ हे असतंच. मुंबईच्या केईएम रुग्णालयात वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळून राहिलेल्या परिचारिका अरुणा शानबाग यांचं नाव निघतं. पण त्या स्वतः श्वास घेत होत्या. त्यांचा मेंदू मृत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने 2011मध्ये स्पष्ट म्हटलं होतं.

खरी अडचण पुढे आहे. अवयवदानाला बाप ‘हो’ म्हणाला, तर पोरगा कायद्याने मृत. अवयव काढता येतात. ‘नाही’ म्हणाला, तर प्रत्यारोपणाचा कायदा तिथेच थांबतो. जन्म-मृत्यू नोंदणीच्या 1969च्या कायद्यातल्या व्याख्येत मेंदूचा उल्लेखच नाही. मग यंत्र काढायला डॉक्टर कचरतात आणि हृदय थांबेपर्यंत बिल वाढत राहतं. तपासण्या त्याच, देह तोच. मरण मात्र बापाच्या उत्तरावर ठरतं.

हे मला अन्यायाचं वाटतं. पोराला मृत ठरवण्याचं ओझं बापावर का? केरळने 2020मध्ये मेंदूमृत्यू जाहीर करणं दानापासून वेगळं काढलं. महाराष्ट्रातही ‘तुमचा मुलगा गेला’ हे डॉक्टरांनी आधी, निःसंदिग्ध सांगावं. रडायला वेळ द्यावा. दानाचा प्रश्न त्यानंतर, दुसऱ्या माणसाने विचारावा. नकार आला तरी मृत्यूचा दाखला तोच राहावा. बापाला ‘नाही’ म्हणायची मोकळीक असेल, तरच त्याच्या ‘हो’ला दान म्हणता येईल.