वैशाखातले पाहुणे

उन्हाळ्याची सुट्टी ज्या कोणी ठरविली, त्याने ती शहरवासीयांची सोय पाहूनच ठरविली असावी, अशी आमची समजूत आहे. भाद्रपदात खेड्यात जावे तर ओढ्याला पाणी असते, शेतात पीक उभे असते, गोठ्यात दूधदुभते असते. पण तेव्हा मुलांना शाळा असते! शाळा बंद होतात त्या ऐन वैशाखात, विहिरींनी तळ गाठलेला असताना, पाहुण्यांची रीघ आजोळाकडे लागते. यजमानाच्या घरी सर्वांत कमी असेल तेव्हाच पाहुण्याने जावे, असा हा विलक्षण रिवाज आहे. तथापि या रिवाजात काही अर्थ आहे, असे आम्हांस अलीकडे वाटू लागले आहे. आणि त्यास कारण झाला २०१९ सालचा उन्हाळा.

आमचे आजोळ पाथर्डी तालुक्यातले. जिल्हा तेव्हा अहमदनगर होता. २०२४ पासून तो अहिल्यानगर झाला. क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठा असलेल्या या जिल्ह्याची दोन टोके एकमेकांस ओळख देत नाहीत. पश्चिमेस अकोले तालुक्यात, घाटघर-रतनवाडीच्या डोंगरांत पाऊस असा कोसळतो की घराबाहेर पडणे मुश्किल. आणि तेच ढग पूर्वेकडे येईतो रिकामे झालेले असतात. पाथर्डीकडच्या माणसाला पाचसहाशे मिलिमीटरवर वर्ष काढावे लागते. २०१८ साली तेवढाही पडला नाही. ऑक्टोबरअखेर सरकारने राज्यातील १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यांत पाथर्डीचा समावेश होता. तेव्हा यंदा मुलांना घेऊन येत नाही, असे आम्ही मामांना दूरध्वनीवरून कळविले. पलीकडून क्षणभर काहीच ऐकू आले नाही. मग मामा म्हणाले, "दुष्काळ विहिरीला पडलाय, घराला नाही. निघून या." यापुढे बोलण्यासारखे काही उरले नव्हते.

मुंबईहून निघून आम्ही पुणेमार्गे नगरला मावशींकडे दोन दिवस उतरलो. पुणे-नगर रस्त्याचा एक मान वाचकांस ठाऊक असेलच: १ जून १९४८ रोजी राज्य परिवहनाची पहिली गाडी याच रस्त्यावर धावली. मावशींनी मुलांना भुईकोट किल्ला दाखविला. १९४२ ते १९४५ या काळात पंडित नेहरू तेथे बंदिवासात होते आणि तेथेच त्यांनी आपला भारतशोधाचा ग्रंथ लिहिला, हे मुलांनी शाळेत वाचले होते. फराहबागेचा महाल एके काळी तलावाच्या मध्यावर उभा होता, हे मात्र कोरड्या खळग्याकडे पाहून त्यांना खरे वाटेना.

गावी पोचलो तेव्हा ऊन कलले होते. ओसरीवर मामी पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या होत्या. दारी आलेल्याच्या पायांवर पाणी घालावयाचे, ही आपली जुनी रीत. पण टँकर एक दिवसाआड येत होता, आणि घरातील पिंपे किती रिती आहेत हे उंबऱ्यावरूनही दिसत होते. आम्ही संकोचलो. मामींनी पाय कढीलिंबाच्या आळ्यात ठेवावयास सांगितले. पाणी पायांवरून झाडाला गेले. रीतही मोडली नाही, आणि थेंबही वाया गेला नाही. पुढे आठवडाभर हीच युक्ती आम्ही पाहिली. अंघोळ बाजेवर बसून करावयाची, बाजेखाली घमेले. त्या घमेल्यातील पाण्यात कपडे भिजावयाचे. भांडी राखेने घासून फडक्याने पुसावयाची. आणि एवढे सर्व करून ताटात आमरस होताच!

शेजारच्या घरातील माणसे ऊसतोडीहून नुकतीच परतली होती. दिवाळीच्या सुमारास कोयता घेऊन बाहेर पडावयाचे आणि कारखान्यांचे गाळप संपले की उन्हाळ्यात घरी यावयाचे, हा या तालुक्यातील हजारो कुटुंबांचा क्रम. त्यांची मुले आणि आजी-आजोबा यांची भेट होते ती याच दिवसांत. वैशाख हा केवळ आम्हा शहरवासीयांच्या भेटीगाठींचा महिना नव्हे, हे तेथे ध्यानात आले.

मामा घरी नव्हतेच. ते बैलजोडी आणि गाय घेऊन चारा-छावणीत राहावयास गेले होते. आम्ही त्यांना भेटावयास गेलो. मैलभर पसरलेल्या पालांत माणसे आणि जनावरे शेजारी शेजारी नांदत होती. मामांनी आपली बाज आम्हांस दिली, स्वतः वैरणीच्या पेंढीवर बसले, तीन दगडांवर चहा केला. निघताना आम्हांस बाजूला घेऊन म्हणाले, "सून आहे घरी. हिला आठ दिवस मुंबईला न्या. समुद्र पाहिला नाही तिनं."

मामींनी समुद्र पाहिला, राणीचा बाग पाहिला, गेटवे ऑफ इंडिया पाहिला. पण त्यांचे लक्ष राहिले ते आमच्या स्वयंपाकघरातील नळावर. मुले दात घासताना तो सोडून ठेवीत, आणि मामी काही न बोलता उठून बंद करीत. एके सकाळी त्यांनी विचारले, "हे पाणी कुठल्या गावचं?"

आम्ही सांगितले: मुंबईस १८६० साली विहार तलावाचे पाणी आले, ते पुरेना म्हणून १८९२ साली तानसाचे, पुढे वैतरणा, भातसा. तानसा आणि भातसा ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुक्यात आहेत.

"मग त्या गावांना उन्हाळ्यात भरपूर असेल," मामी म्हणाल्या.

त्याच शहापूर तालुक्यातील कित्येक गावपाड्यांना उन्हाळ्यात टँकर लागतो, हे आम्हांस सांगावे लागले. मामींनी त्यावर काहीच टीका केली नाही. त्या दिवसापासून मुलेच उठून नळ बंद करू लागली.

मृगाच्या आधी मामी परतल्या. त्या वर्षी पाऊसही लांबला. जून सरत आला तेव्हा कुठे आभाळ भरून आले.

आजवर आम्ही समजत होतो की, सुट्टीतले आठ-पंधरा दिवस आपण खेड्याचे पाहुणे असतो आणि एरवी आपल्या घरचे धनी. मामींच्या प्रश्नाने ही समजूत पालटली. तानसाकाठच्या कोणत्यातरी घरचे पाणी बारा महिने आमच्या पायांवर पडत आहे. फरक इतकाच की, तांब्या धरणारा हात आम्हांस दिसत नाही. आजोळी तो दिसतो. म्हणूनच वैशाखात जावे, टंचाईत जावे. यजमानापाशी भरपूर असताना मिळालेल्या पाहुणचाराची किंमत मुलांना कळत नाही. त्याने मोजून दिलेल्या पाण्याची कळते. मात्र पाहुण्याचा धर्म एवढ्याने पुरा होत नाही. यजमानाचे गाव कोणते हे त्याने विचारले पाहिजे, आणि त्या गावाचा रांजण भरलेला आहे की नाही, याची चौकशी सुट्टी संपल्यावरही केली पाहिजे.