सूचक, अनुमोदक आणि विरोधातले दोघं

६ जुलै २०२४, शनिवार
मंडळाच्या सभेची नोटीस आज काढली. रविवार, १४ तारीख, संध्याकाळी सात, समाजमंदिर. दिवसभर डवरणी-निंदणीत गेलेली मंडळी त्याआधी मोकळी होत नाहीत. आमच्या घटनेत सात दिवस आधी लेखी नोटीस द्यावी असं स्पष्ट आहे, पण आजवर चौकात हाक मारून सभा व्हायची आणि त्या वेळी पारावर जे बसलेले असतील तेच मंडळ ठरायचं. पारावर मुली बसत नाहीत. म्हणजे एकेचाळीस सभासदांपैकी चौदा जणींना सभा झाली हे दुसऱ्या दिवशी कळायचं.

विषय क्रमांक चार लिहिताना आग्रह झाला, 'तान्ह्या पोळ्यासाठी साउंड बॉक्स विकत घेण्याबाबत' असं लिही. मी लिहिलं, 'मंडळाच्या शिल्लक रकमेच्या विनियोगाबाबत'. रक्कम अठरा हजार रुपये, वर्गणीतून उरलेली. विषयपत्रिकेतच निकाल लिहून टाकला तर माणसं बोलायला येतील कशाला?

९ जुलै, मंगळवार
जुनं प्रोसिडिंग बुक सचिवांकडून आणून वाचलं. पानामागून पान, प्रत्येक ठरावाखाली एकच ओळ: सर्वानुमते मंजूर. क्रिकेटचा संच सर्वानुमते, गणपतीचा मंडप सर्वानुमते, अभ्यासिकेचा विषय पुढे ढकलणंही सर्वानुमते. अभ्यासिकेचा विषय मांडणारी मुलगी तेव्हा किती नाराज होती, हे मला चांगलं आठवतं. तिचं नाव त्या पानावर कुठेच नाही. तिचा विरोध असा पुसला गेला याचं मला मनापासून वाईट वाटतं.

११ जुलै, गुरुवार
सर्वोदयात हयात घालवलेले एक काका संध्याकाळी भेटले. त्यांना मतदान पसंत नाही. "हात वर झाले का गावात दोन पार्ट्या झाल्याच समज," म्हणाले. त्यांच्यामागे मोठी परंपरा आहे. विनोबांनी १९५९ मध्ये पवनारला ब्रह्मविद्या मंदिर स्थापन केलं, तिथल्या बहिणी आजही सर्वसहमतीने निर्णय घेतात. गडचिरोलीतलं मेंढा (लेखा) गावही एकमत होईपर्यंत चर्चा करतं.

मी काकांना म्हटलं, ती खरी सहमती आहे. एकालाही पटलं नसेल तर तिथे थांबतात, पुन्हा बसतात. आमच्यात कोणी थांबत नाही. दोघं मोठ्याने बोलतात, बाकीचे गप्प बसतात, आणि त्या गप्प बसण्याला आम्ही एकमत म्हणतो. त्यापेक्षा हात मोजलेले बरे. काका थोडा वेळ विचार करत बसले, मग त्यांनीच सेवाग्रामच्या नई तालीमच्या शाळेतल्या आमसभेचा विषय काढला. तिथे मुलंच आपले मंत्री निवडत, सफाई आणि स्वयंपाक कसा चालला याचा जाब त्यांना भर सभेत विचारत. "मोठ्यायपेक्षा लेकरं नेमानं चालत," म्हणाले.

१४ जुलै, रविवार
रात्रीचे साडेदहा. सभा आटोपून आत्ताच घरी आलो.

पावणेसातला जाऊन सतरंज्या गोल अंथरल्या. एरवी मुलं पायऱ्यांवर, मुली दाराशी. बाबासाहेबांनी २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत सांगितलं होतं की संसदीय कामकाजाची रीत भारताला नवी नाही, बुद्धांच्या भिक्षू संघांना ती ठाऊक होती. कुठे बसायचं, ठराव कसा मांडायचा, गणपूर्ती, मतमोजणी, गुप्त मतदान, सगळ्याचे नियम संघाकडे होते. त्या यादीत बसण्याची व्यवस्था अगदी सुरुवातीला येते. आज त्याचं कारण दिसलं. गोलात बसल्यावर प्रत्येकाचा चेहरा अध्यक्षाला दिसतो, कोणाला बोलायचं आहे ते कळतं.

उपस्थिती तेवीस, त्यात आठ मुली. गणपूर्ती एक तृतीयांश, म्हणजे चौदा. मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम झालं, जमाखर्च झाला, आणि विषय चार आला.

ठराव असा: 'शिल्लक रकमेतून तान्ह्या पोळ्यासाठी साउंड बॉक्स विकत घ्यावेत.' सूचक उभा राहिला, अनुमोदक मिळाला. सूचकाचं म्हणणंही वजनदार होतं. दरवर्षी भाडं भरण्यापेक्षा एकदाच घेऊ, जयंतीला, लग्नाला इतरांना देऊ, मंडळाला उत्पन्न होईल. मग एकदम चार जण बोलू लागले. अध्यक्ष म्हणून मी सांगितलं, सगळ्यांनी माझ्याकडे बघून बोलायचं, प्रत्येकी तीन मिनिटं, आणि ज्यांना बोलायचं आहे त्यांचं एकेकदा झाल्याशिवाय कोणी दुसऱ्यांदा बोलायचं नाही.

या एका नियमाने सभा बदलली. नेहमीचे तिघं बोलून झाले आणि शांतता पसरली. मी ती मोडली नाही. मग पोलीस भरतीची तयारी करणारी एक मुलगी उठली. "दादा, मले उपसूचना मांडाची हाय." कागदावर लिहूनच आणलं होतं: 'विकत घ्यावेत' ऐवजी 'भाड्याने आणावेत' असं करावं आणि उरलेली रक्कम अभ्यासिकेच्या दिव्यांना व टेबलांना लावावी. पहाटे रस्त्यावर धावून आल्यावर वाचायला बसायचं तर घरात जागा नाही, आणि समाजमंदिरात एकच बल्ब आहे, एवढंच ती बोलली. अनुमोदन एका मुलाने दिलं.

लगेच हरकतीचा मुद्दा आला: हा तर वेगळाच विषय आहे. वाजवी हरकत होती. ठरावाला नुसतं 'नको' म्हणणारी उपसूचना चालत नाही, कारण त्यासाठी विरोधात मत देता येतं. पण विषयपत्रिकेवर शिल्लक रकमेचा विनियोग होता, आणि उपसूचना त्याच रकमेबद्दल होती. मी ती दाखल करून घेतली. अभ्यासिका व्हावी असं मला मनातून फार वाटतं. पण बोलायचं तर खुर्ची उपाध्यक्षांकडे द्यावी लागते. नियम सांगणाराच बाजू घेऊ लागला तर त्याचा निवाडा कोण मानेल? मी बोललो नाही.

आधी उपसूचनेवर मतदान घेतलं. हे पुष्कळांना उलटं वाटतं. पण आधी ठरावाचे शब्द पक्के व्हायला हवेत, त्याशिवाय आपण कशावर मत देतो आहोत ते समजत नाही. सचिवांनी हात मोजले, मी पुन्हा मोजले. बाजूने तेरा, विरोधात आठ, एक तटस्थ. मग दुरुस्त ठराव मताला टाकला: अठरा, दोन, दोन तटस्थ. विरोधातले दोघं म्हणजे मूळ सूचक आणि अनुमोदक. "आमचा विरोध लिहून ठेवा," सूचक म्हणाला. आवाजात राग होता. नावानिशी लिहिला.

त्यावर एकजण हसला. त्याला मी थांबवलं आणि सगळ्यांना आजच्या तारखेची आठवण दिली. १९४२ साली १४ जुलैलाच काँग्रेस कार्यसमितीने आपल्या वर्ध्यात, इंग्रजांनी भारतातली सत्ता सोडावी, असा ठराव केला. ८ ऑगस्टला मुंबईत, गवालिया टँकवर, महासमितीत 'भारत छोडो'चा ठराव आला तेव्हा तेरा जणांनी विरोधात मत दिलं. मंजुरीनंतर बोलायला उभे राहिलेल्या गांधीजींनी त्या तेरा जणांचं अभिनंदन केलं. प्रचंड बहुमत समोर दिसत असूनही उपसूचना मतदानापर्यंत नेणाऱ्या तिघांचंही केलं. विरोधात मत देण्यात त्यांना लाज वाटण्याचं काही कारण नाही, असं ते म्हणाले. मग आमच्या दोघांना का वाटावी?

१५ जुलै, सोमवार
इतिवृत्त लिहायला सचिवांजवळ बसलो. 'बरीच चर्चा झाली' ही त्यांची सवयीची ओळ काढायला लावली. ठरावाचे शब्द, सूचक, अनुमोदक, उपसूचना, मतांचे आकडे, विरोध करणाऱ्यांची नावं. भाषणं नकोत, निर्णय हवेत.

२८ जुलै, रविवार
आजच्या सभेत १४ तारखेचं इतिवृत्त वाचलं जात असताना उपसूचना मांडणारी तीच मुलगी उठली. 'मुलींसाठी अभ्यासिका' असं लिहिलं गेलं होतं. "मी फक्त पोरींसाठी नव्हतं म्हटलं. सगळ्यायसाठी म्हटलं होतं." सभेने दुरुस्ती मानली. सचिवांनी शब्द खोडला, मी बाजूला सही केली, आणि इतिवृत्त कायम झालं.

कोषाध्यक्षांनी ट्यूबलाइट आणि टेबलांची तीन दरपत्रकं ठेवली. बॉक्सचं भाडं ठरवायला दोघांची समिती नेमली.

ऐनवेळच्या विषयांत १४ तारखेचा सूचक उभा राहिला. हातात कागद होता, सूचक-अनुमोदकाच्या सह्यांसकट. पुढच्या वर्षीच्या वर्गणीतून दोन हजार रुपये बाजूला ठेवून बॉक्ससाठी निधी सुरू करावा, असा प्रस्ताव. पैशाचा विषय ऐनवेळी घेता येत नाही, हे त्यालाही आता माहीत आहे. म्हणून त्याने आज चर्चा मागितलीच नाही, पुढच्या विषयपत्रिकेवर घ्या एवढंच म्हणाला. सचिवांनी कागद दाखल करून घेतला, तारीख टाकून पोच दिली. पुढच्या सभेत तो विषय क्रमांक तीन असेल.