तुटका पाय

मामाच्या डीबी स्पेक्ट्रम प्लसवर मधली अक्षरं उमटत होती. आठ कळा मात्र ठार. पी, क्यू, ए, शून्य, एक, कॅप्स शिफ्ट, स्पेस आणि एंटर. एंटरच नसेल तर काय करणार त्या कॉम्प्युटरचं? पुण्याच्या डेसिबेल्सने सिंक्लेअरच्या परवान्याने काढलेलं हे मशीन. त्यात कीबोर्डच्या पाच लाइनी यूएलए नावाच्या चाळीस पायांच्या आयसीत जातात आणि एकेका लाइनीवर आठ कळा असतात. म्हणजे नेमकी एक लाइन गेलेली. संशय आधी कळांखालच्या मेम्ब्रेनवर. ते बदलूनही फरक पडेना. मग आयसी सॉकेटातून अलगद उचलला, तर एक काळवंडलेला पाय सॉकेटातच राहिला.

पुण्यातल्या पासोड्या विठोबाजवळचा इलेक्ट्रॉनिक्सचा दुकानदार म्हणाला, "साहेब, आयसीच नवीन टाका ना." टाकणार कुठून? ही फेरांटीने खास सिंक्लेअरसाठी बनवलेली चिप. चित्र, आवाज, कीबोर्ड, कॅसेट, सगळा कारभार तिच्याकडे. तिच्या जागी बसणारे नवे बोर्ड परदेशातून मागवता येतात, पण जुनी जिवंत असताना ते मला पटत नाही. दुकानदाराकडून एक मेलेला आयसी आणि गोल पिनांचं सॉकेट तेवढं घेतलं.

पाय अगदी प्लास्टिकला लागून तुटला होता. डाग द्यायला धातूच बाहेर नव्हता. बारीक बिट लावून कडेचं काळं प्लास्टिक खरवडत गेलो. आतली पट्टी चिपकडे जाताना अरुंद होत जाते, शेजारची पट्टीही दूर नसते, त्यामुळे हावरटपणा करून चालत नाही. काळ्या भुकटीत मोहरीहून लहान चकचकीत ठिपका दिसला, तिथेच थांबलो. फ्लक्स लावून त्यावर सोल्डरचा पातळ थर चढवला. मेलेल्या आयसीचा एक पाय खांद्यासकट कापला, गोल पिनांच्या सॉकेटात रोवला, यूएलएही त्यातच बसवला. आता पाय हलायला जागा नव्हती. सोल्डरिंग आयर्न क्षणभर टेकवलं आणि उचललं. ते सॉकेट आता त्याची कायमची कुबडी.

मल्टिमीटर डायोडवर ठेवून नवा पाय आणि कीबोर्डच्याच दुसऱ्या लाइनीचा पाय ग्राउंडपासून मोजले. आकडे जवळपास सारखे आले, तेव्हा कुठे वीज द्यायचा धीर झाला.

पी दाबल्यावर पडद्यावर अख्खं प्रिंट उमटलं. मामाने एंटर, शून्य, क्यू सगळं ठोकून पाहिलं आणि म्हणाला, "स्पेस जरा अडकते रे."

ती १९८० च्या दशकापासूनच अडकते.