खुनी कोण, हे आधी सांगायचं नाही!

पालघर-बोईसरच्या घरांतले बाबालोक अंधारात गाडी पकडून मुंबईला जात आणि अंधार पडल्यावरच परतत. मधल्या वेळात त्या शहरात काय काय घडतं, ते आम्हां भावंडांना कळलं रहस्यकथांतून. त्याही येत बाबांच्याच पिशवीतून, रिकाम्या डब्याखाली दडून.

बाबुराव अर्नाळकर आजीचे. नावातला अर्नाळा विरारजवळचा, म्हणून तिला त्यांचा अभिमान. हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिणाऱ्या या माणसाचे झुंजार, धनंजय, काळा पहाड तिला तोंडपाठ. काकाला गुरुनाथ नाईक लागत. आमच्या वाट्याला इंद्रजाल कॉमिक्स.

टाइम्सने १९६४ साली सुरू केलेल्या या मालिकेत धाकटे वेताळावर खूश, पण ताईला हवा असे रिप कर्बी. अलेक्स रेमंडने १९४६ मध्ये जन्माला घातलेला हा हेर चष्मा लावायचा, पाइप ओढायचा. त्याचा नोकर डेस्मंड पूर्वीचा चोर. चोराच्या हाती घराच्या किल्ल्या देणारा हेर आजीला मुळीच पटत नसे. ताई मात्र डेस्मंडच्या बाजूने तावातावाने भांडायची.

एखाद्या चौकटीत निम्मी जागा नुसती काळी असे. दारातल्या माणसाचा चेहरा त्या काळ्यात बुडालेला, उजेडात फक्त हात आणि हॅटची कड. अर्नाळकरांना ज्याला पानभर लागे, ते इथे शाईच्या एका फटकाऱ्यात. वाचणारा एक, खांद्यावरून डोकावणारे चार. पान उलटायला सगळ्यांचा होकार लागे. पुढचं वाचून झालेल्याने तोंड उघडलं की धपाटा ठरलेला.

तारापूरचं अणुवीज केंद्र १९६९ मध्ये सुरू झालं आणि देशभरातली कुटुंबं वसाहतीत राहायला आली. तिथल्या मुलांशी अंकांची अदलाबदल चाले, हिंदी, इंग्रजी, मिळेल ते. भाषा अडली तरी काळोख कळायचा.

आता पुतण्या फ्रँक मिलरची ‘सिन सिटी’ ही कॉमिक्स-मालिका वाचतो. १९९१ मध्ये सुरू झालेली, जवळजवळ सगळी काळ्या-पांढऱ्यात. अर्नाळकरांकडे शेवटी गुन्हेगार सापडे आणि आजी निवांत झोपे. इथे पोलीस, पुढारी, सगळं शहरच सडलेलं. ताईने चाळून पाहिलं.

“अरे, यात धड माणूस एकही नाही!”

“म्हणून तर खरं वाटतं, आत्या.”

ताईने पुस्तक परत दिलं नाही. पुढचा भाग आहे का, एवढंच विचारलं.