लांबची वाट

डोंगर चढूं इच्छिणारा मनुष्य प्रथम विचारतो तें हें, कीं सोपी वाट कोणती ? प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु पांच हजार मीटरांच्या वर 'सोपी' या शब्दाचा अर्थच पालटतो, असें गेले कांहीं महिने नकाशांत डोकें घालून बसल्यावर आमचें मत झालें आहे. टांझानियांतील किलिमांजारो हा आफ्रिका खंडांतील सर्वोच्च पर्वत; त्याची उंची ५८९५ मीटर. पुढील वर्षीं कन्येसह तो चढण्याचा आमचा मनोदय आहे. तिचें वय तिशीच्या आंत, आमचें पन्नाशीच्या बरेंच पुढें.

आपण महाराष्ट्रीयांचें चढाचें माप सह्याद्रीनें घडविलें आहे. कळसूबाई हें आपलें सर्वांत उंच शिखर १६४६ मीटर. तेथें दमछाक होते ती उभ्या चढानें. सकाळीं निघालेला मनुष्य सायंकाळपर्यंत खालीं येतो, आणि मागें उरतें तें पिंडऱ्यांचें दुखणें. या मापानें पाहिल्यास किलिमांजारोची मारंगू वाट फार मोहक आहे. चढ सौम्य, मुक्कामास लांकडी झोपड्या, आणि सारा प्रवास पांच दिवसांतहि आटोपतो. मचामे किंवा लेमोशो या वाटांनीं गेल्यास तंबूंत निजावें लागतें, चढउतार अधिक, आणि दिवस सहापासून आठपर्यंत. शिवाय तेथील राष्ट्रीय उद्यानाचें शुल्क दिवसागणिक; तेव्हां लांबची वाट खिशालाहि जड.

परंतु तेथें खरी परीक्षा पायांची नसून श्वासाची आहे. शिखरावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळजवळ निम्मा. म्हणजे प्रत्येक श्वासागणिक प्राणवायूची शिदोरीहि निम्मी. शरीर या दारिद्र्याशीं हळूहळू जुळवून घेतें, पण त्यास दिवस लागतात, आणि कसलेल्या पायांनीं ते दिवस वांचत नाहींत. घाई केल्यास प्रथम डोकें दुखतें, अन्न नकोसें होतें. तरीहि वर जात राहिल्यास फुप्फुसांत वा मेंदूंत पाणी सांचून प्राणांवर बेतूं शकतें. म्हणूनच जाणते लोक दिवसा उंच चढतात व रात्रीं खालीं निजतात. लेमोशो वाट पश्चिमेकडून शिरा पठार ओलांडून जाते. दुपारीं सुमारें ४६०० मीटरांवर, लाव्हा टॉवरपाशीं पोंचावें, आणि मुक्कामास सुमारें सहाशें मीटर खालीं बारांकोच्या दरींत उतरावें. कमावलेली उंची हातची घालविणें सह्याद्रीच्या हिशेबानें वेडेपणा. तेथें तेंच शहाणपण.

या शिखरावर प्रथम पोंचले त्यांचीहि कथा अशीच आहे. हान्स मायर या जर्मन भूगोलज्ञास १८८७ मध्यें हिमानें मागें फिरविलें. १८८९ मध्यें लुडविग पुर्टशेलर यास बरोबर घेऊन तो पुन्हा आला, तेव्हां त्यानें वाटेवर अन्नसाठ्याचे तळ ठेवले. एक प्रयत्न फसला तरी पार पायथ्याशीं न उतरतां दुसरा करतां यावा, हा हेतु. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत ते दोघे शिखरावर उभे राहिले.

कन्येला हें सर्व पटलें. पण तिची रजा दहाच दिवसांची. "बाबा, पांच दिवसांत होतें त्याला आठ कशाला ? मी धडधाकट आहें," असें ती म्हणाली. आम्हीं तिला सांगितलें, कीं हें दुखणें वय पाहत नाहीं आणि धडधाकटपणाहि पाहत नाहीं. अखेर तिनें कांहीं दिवस बिनपगारी घेण्याचें ठरविलें, आणि लेमोशोचे आठ दिवस पक्के झाले.

वाट ठरली, तरी एक गोष्ट उरली आहे. एकास उतरणें भाग पडलें, तर दुसऱ्यानें काय करावें ? आजारी पडेल त्यानें एका वाटाड्यासह खालीं यावें, व दुसऱ्यानें दुसऱ्या वाटाड्यासह पुढें जावें, असा नियम आम्हीं सुचविला. हा नियम करतांना आमच्या डोळ्यांपुढें उतरणारे आम्ही होतों व चढणारी ती होती. तिनें शांतपणें ऐकून घेतलें आणि विचारलें, "आणि मी उतरलें, तर तुम्ही पुढें जाल का, बाबा ?"

याचें उत्तर कोणत्याहि नकाशावर नाहीं. आम्हीं तें अद्याप दिलेलें नाहीं. घरून निघण्यापूर्वीं तें दिलें पाहिजे. कारण तितक्या उंचीवर असल्या प्रश्नाचा विचार करण्यास पुरेल एवढा श्वास कोणापाशींच उरत नाहीं.