हात लावूं नये

वस्तुसंग्रहालयांविषयीं माझ्या मनांत लहानपणापासून एक अढी आहे. मी आठ-नऊ वर्षांचा असतांना वडिलांनीं मला शहरांतील एक मोठें वस्तुसंग्रहालय दाखवावयास नेलें होतें. तेथील एका कपाटांत गलबताची एक लहानशी प्रतिकृति होती. तिचीं शिडें, दोर, सुकाणूं पाहतां पाहतां मीं नकळत कांचेला नाक टेकविलें, तोंच मागून खणखणीत आवाज आला, "हात लावूं नये!" वास्तविक मीं हात लावला नव्हता, नाक लावलें होतें. परंतु हा भेद पहारेकऱ्याला समजावून सांगण्याचें धैर्य त्या वयांत कोठून असणार? तेव्हांपासून संग्रहालय म्हटलें कीं त्या तीन शब्दांची पाटी माझ्या डोळ्यांपुढें उभी राहते.

पुढें मी इंग्रजी वाङ्मयाचा अध्यापक झालों, चार पुस्तकें वाचलीं, आणि ह्या बालपणींच्या अढीला मीं तात्त्विक रूपहि दिलें. वस्तु जोंवर वापरांत आहे तोंवर ती जिवंत. कपाटांत गेली कीं ती मेली, आणि तिच्याखालची चिठ्ठी हा तिचा मृत्युलेख, असें मी वर्गांत मोठ्या ऐटीनें सांगत असें. विद्यार्थी तें लिहून घेत. आपण बोलूं तें विद्यार्थी लिहून घेतात असें दिसूं लागलें कीं अध्यापकाच्या अधःपातास आरंभ झाला असें समजावें.

अशाच एका माजी विद्यार्थ्याचा गेल्या वर्षीं मला फोन आला. "सर, येत्या रविवारीं आमच्याकडे उंबराचं पाणी आहे. तुम्ही यायलाच हवं."

"लग्न कोणाचें?" मीं विचारलें.

तो हंसून म्हणाला, "लग्न कोणाचंच नाहीं, सर. कार्यक्रम आहे."

हा विद्यार्थी ईस्ट इंडियन. आमच्या उपनगरांत जन्म काढलेल्या सुशिक्षित कुटुंबांनाहि ह्या नांवाचा उलगडा पुष्कळदां होत नाहीं, म्हणून थोडें सांगतों. १५३४ च्या तहानें वसई आणि तिच्या भोंवतालचा मुलूख पोर्तुगीजांकडे गेला. त्यांच्या अमलांत साष्टी बेटांतील व वसईकडील अनेक कोळी, कुणबी, भंडारी इत्यादि कुटुंबांनीं ख्रिस्ती धर्म स्वीकारला. १७३९ मध्यें चिमाजी आप्पांनीं वसई जिंकली. पुढें १७७४ मध्यें साष्टी इंग्रजांच्या हातीं पडली. राज्यें आलीं आणि गेलीं. हीं माणसें मात्र आपल्या गांवठाणांतून हललीं नाहींत, आणि आपली मराठी बोली, आपलीं लग्नगीतें त्यांनीं टाकिलीं नाहींत. गोवें व मंगळूर येथून आलेल्या ख्रिस्ती लोकांहून आपण निराळे आहोंत हें सरकारच्या ध्यानांत यावें म्हणून १८८७ सालीं, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षीं, त्यांनीं 'ईस्ट इंडियन' हें नांव घेतलें. म्हणजे नांव विलायती, पण माणसें येथल्या मातींतलीं. गिरगांव-दादरहून, पुण्याहून, कोंकणांतून येऊन बोरिवली-अंधेरीस स्वतःला जुने रहिवासी म्हणवून घेणारे आम्ही लोक खरें पाहतां त्यांचे पाहुणे आहोंत.

ह्या समाजाच्या 'मोबाई गांवठाण पंचायत' ह्या संस्थेनें मालाडच्या पश्चिमेस, मार्वे-मनोरीच्या बाजूला, आपल्या जुन्या वस्तूंचा एक लहानसा संग्रह केला आहे. रविवारीं मी तेथें गेलों तो, खरें सांगावयाचें तर, जुन्या विद्यार्थ्याचा शब्द मोडवेना म्हणून. घरोघरच्या माळ्यांवरून व अडगळींतून उतरलेल्या वस्तु होत्या: पाटा-वरवंटा, तांब्यापितळेचीं भांडीं, मातीच्या हंड्या, लग्नांतलीं लुगडीं. ज्या बाटल्यांत ह्या समाजाच्या बायका उन्हाळ्यांत भाजून कांडलेला मसाला वर्षभरासाठीं ठांसून भरीत, आणि ज्यांमुळें त्या मसाल्याला 'बाटलीचा मसाला' असेंच नांव पडलें, त्या गडद रंगाच्या कांचेच्या बाटल्यांचीहि गोष्ट निघाली. राजेमहाराजांची एकहि वस्तु नव्हती. आणि एका कोपऱ्यांत जातें होतें.

त्या जात्यापाशीं मी थबकलों. आमच्या कोंकणांतल्या घरीं आईचें जातें अगदीं असेंच होतें. तिच्या मांडीवर डोकें ठेवून त्याची घरघर ऐकत मी पहाटे पुन्हां झोंपीं जात असें. आई वारल्यावर आम्हां भावंडांनीं गांवचें घर विकलें. भांडीं मोडींत घातलीं. तीं वजनावर गेलीं. जातें कोणी घेईना, म्हणून मीं तें टेंपोंत घालून बोरिवलीस आणलें. वाटेंत वरचा दगड फुटला. खालचा दगड कांहीं दिवस दारापाशीं होता, मग जिन्याखालीं गेला, आणि शेवटीं आमच्या इमारतीच्या आवारांत नळापाशीं जाऊन पडला. मोटारी धुणारा मुलगा त्यावर उभा राहून बादली भरतो. वस्तु वापरांत असली म्हणजे ती जिवंत, ह्या माझ्या सिद्धांताप्रमाणें आईचें जातें जिवंतच म्हणावयास हवें होतें! इतकीं वर्षें मी त्याच्यावरून जात-येत होतों. पण माझा सिद्धांत किती पोकळ आहे हें मला दुसऱ्याच्या जात्यापाशीं उभें राहून कळलें.

मीं इकडे तिकडे पाहिलें आणि भीत भीत खुंट्याला हात लावला. कोणी ओरडलें नाहीं. उलट मागून एक बाई म्हणाल्या, "फिरवा ना. जरा जड जाईल पहिल्यांदा."

इतक्यांत बाहेर बँड वाजूं लागला. 'उंबराचें पाणी' हा ह्या समाजांतील लग्नाच्या आदल्या दिवशींचा विधि. वऱ्हाडी मंडळी वाजत गाजत विहिरीवर जातात, घडे भरतात, आणि त्या पाण्यानें वराला अगर वधूला न्हाऊं घालतात. विहिरीशीं उंबराचें झाड असावयाचें, म्हणून हें नांव. लुगडीं नेसलेल्या दहा-बारा बायका डोक्यावर घडे घेऊन निघाल्या. पुढें बँड, मागें आम्ही बघे. वयस्क बायका गाणीं म्हणत होत्या; मुलींपैकीं कांहींजणी हातांतल्या मोबाइलवर शब्द पाहून त्यांना साथ देत होत्या. एक तरुण पाहुण्यांसाठीं सर्व प्रकार इंग्रजींत समजावून सांगत होता. विहिरीवर लोखंडी जाळी होती. ती त्या दिवसापुरती उघडून ठेविली होती.

हें सारें पाहतांना माझी जुनी अढी पुन्हां जागी झाली. वधू नाहीं, वर नाहीं, लग्न नाहीं. मग पाणी कशासाठीं? हा विधि कीं विधीचा देखावा? आर्तुर हॅझेलियस नांवाच्या गृहस्थानें १८९१ सालीं स्वीडनमध्यें, स्टॉकहोम शहरीं, 'स्कान्सेन' नांवाचें उघड्यावरचें संग्रहालय स्थापिलें. देशाच्या निरनिराळ्या भागांतून जुनीं घरें उचलून आणून तेथें उभीं केलीं, आणि त्यांच्या भोंवतीं जुने पोशाख, जुने धंदे, जुने नाच व सण चालू ठेविले. जगांतील पुष्कळ संग्रहालयांनीं पुढें तोच कित्ता गिरविला. त्याविषयीं वाचतांना मला नेहमीं वाटे, कीं मेलेल्या वस्तूला कपाटांत ठेवणें एक वेळ पुरवलें. पण मेलेल्या चालीरीतींना रंग फांसून नाचविणें हा तर शुद्ध नाटकीपणा!

मनांत हे विचार घोळत असतांनाच माझी दृष्टि एका म्हाताऱ्या बाईंकडे गेली. त्यांचें वय ऐंशीच्या घरांत असावें. मिरवणुकींतल्या बायकांचे घडे भरून झाले, लोकांचे फोटो काढून झाले, मंडळी परतूं लागलीं. त्या मात्र विहिरीशीं रेंगाळल्या. त्यांनीं एका मुलीच्या घड्यांतून लहानशा कांचेच्या बाटलींत पाणी ओतून घेतलें, बुचानें तोंड घट्ट लावलें, आणि पदराच्या टोंकानें बाटली पुसली. त्यांना उतरण चढवेना, म्हणून मीं हात पुढें केला.

"मावशी, हें पाणी कशाला?"

"नात आहे माझी कॅनडात," त्या म्हणाल्या. "पुढच्या महिन्यात तिचं लगीन. तिकडे कुठली विहीर, नि कुठला उंबर? मला काय आता विमानात बसवत नाहीं. म्हणून तिच्या नांवानं आज पाणी काढलं."

"पण हें पाणी तिला कसें पाठविणार?" अध्यापकाची जात अशा वेळींहि गप्प बसत नाहीं.

त्यांनीं माझ्याकडे जराशा करुणेनें पाहिलें. "पाठवायचं कशाला, बाबा? पाणी काढायचं असतं. ते काढलं. आता तिच्या फोटोपुढं ठेवीन."

मी निरुत्तर झालों. शंभर माणसांसाठीं जो कार्यक्रम होता, तो त्या एका बाईंसाठीं खराखुरा विधि होता. आणि ती एकटी बाई काय करूं शकली असती? बँड कोण बोलावणार? विहिरीवरची जाळी कोण उघडून देणार? गाण्याला साथ कोण देणार? विधि हा एकट्यानें करण्याचा प्रकार नव्हेच. त्याला माणसांचा मेळा लागतो. पूर्वीं तो मेळा गांवठाण आपोआप पुरवीत असे. आतां गांवठाणाभोंवतीं इमारती उठल्या, मुलें दूर देशीं गेलीं. तो मेळा मुद्दाम जमवावा लागतो, दिवस ठरवून, पत्रिका पाठवून. त्यालाच आपण कार्यक्रम म्हणतों. देखावा कोणता आणि विधि कोणता हें ठरविण्याचा अधिकार माझ्यासारख्या बघ्याचा नाहीं. तो पाणी काढणाऱ्याचा आहे.

घरीं परततांना मला ह्याच्या नेमक्या उलट असें एक स्थळ आठवलें. बोरिवलीच्या पश्चिमेस एक्सर गांव आहे. २०२२ पासून तेथें मेट्रोचें स्थानक झालें, त्यामुळें नांव तरी सर्वांच्या तोंडीं आलें. ह्या गांवांत उंच वीरगळ आहेत. १८८२ च्या ठाणें जिल्ह्याच्या गॅझेटियरांत अशा सहा शिळांचें वर्णन दिलें आहे. त्यांपैकीं कांहींवर वल्ह्यांच्या रांगा असलेलीं जहाजें कोरलेलीं आहेत. जहाजांवरून वीर लढत आहेत, पडलेले वीर स्वर्गास जात आहेत, आणि सर्वांत वर कलश आहे. उत्तर कोंकणचा शिलाहार राजा सोमेश्वर आणि देवगिरीचा यादव राजा महादेव यांच्यांत तेराव्या शतकांत जें आरमारी युद्ध झालें त्याचें हें स्मारक असावें, असें कित्येक अभ्यासक मानतात. सोमेश्वर समुद्रांत बुडाला, हें हेमाद्रीनें नमूद करून ठेविलें आहे. आरमारी लढाईचीं इतकीं स्पष्ट शिल्पें आपल्या देशांत फार विरळा.

ह्या शिळांना गांवचे लोक देव मानतात व भक्तिभावानें पुजतात. मी मात्र बोरिवलींत वीस वर्षें राहिल्यावर, तेहि एका पुस्तकांत वाचून, त्या पाहावयास गेलों होतों. तेथून परत येतांच मीं एक अर्ज लिहावयास घेतला होता: ह्या शिळा तेथून हलवून एखाद्या संग्रहालयांत सुरक्षित ठेवाव्या! संग्रहालयाला मृत्युलेखांचें आगर म्हणणारा मी. पण लोकांच्या हातांतली वस्तु पाहिली कीं मलाच पहारेकरी होण्याची इच्छा व्हावी, हें केवढें आश्चर्य! अर्ज अर्धा लिहून राहिला, एवढें बरें झालें.

एक्सरच्या शिळांना हात लावणारे लोक आहेत, पण त्यांची गोष्ट सांगणारे थोडे. मोठ्या संग्रहालयांत गोष्ट सांगणाऱ्या चिठ्ठ्या आहेत, पण तेथें हात लावण्याची मनाई. ज्ञान एकीकडे आणि जिव्हाळा दुसरीकडे, अशी ही फाळणी झाली आहे. त्या रविवारीं त्या छोट्या संग्रहांत मीं ह्या दोन गोष्टी घटकाभर एकत्र नांदतांना पाहिल्या. माझ्या विद्यार्थ्याला सन-सनावळ्या ठाऊक होत्या. मावशींना पाणी कशासाठीं काढावयाचें तें ठाऊक होतें. दोघें एकाच विहिरीवर आलीं, हें त्या कार्यक्रमाचें खरें फळ. एक्सरसहि वर्षांतून एक दिवस असा ठरवावा, गांवकऱ्यांनीं फुलें आणावीं, शाळेंतल्या मुलांनीं त्या जहाजांचीं वल्हीं मोजावीं, आणि समुद्रावर जाणाऱ्या गोराई-मनोरीच्या कोळ्यांनीं तीं जहाजें पाहून आपलें मत सांगावें, असें मला आतां वाटतें. शिळा हलविण्यापेक्षां माणसें हलविणें बरें. नवा अर्ज लिहावयास घेतला आहे. तो पुरा करण्याचा निश्चय आहे.

दुसरे दिवशीं सकाळीं मीं मोटारी धुणाऱ्या मुलाला हांक मारली आणि त्याच्या मदतीनें तो जात्याचा दगड वर घरीं आणविला. तो ओझें उतरतांना म्हणाला, "साहेब, मग मी उभा कशावर राहूं?" प्रश्न रास्त होता. संध्याकाळीं त्याला एक भक्कम लाकडी पाट आणून दिला. इतिहासाच्या प्रेमापायीं जिवंत माणसाचे पाय चिखलांत ठेवणें बरें नव्हे.

दगड आतां गॅलरींत आहे. मीं तो घांसून धुतला, तेव्हां टांकीच्या जुन्या खुणा वर आल्या. मधल्या भागांत मात्र तो आईच्या हातानें झिजून गुळगुळीत झाला आहे. सौ. म्हणाल्या, "वरचा दगड नाहीं, खुंटा नाहीं. ह्याचा आतां उपयोग काय?"

उत्तर मला सुचलें नाहीं. मीं एवढेंच म्हटलें, "जरा हात लावून पाहा."